परातीतून माहेराला

आमच्या होडीला नाव नव्हतं. गोठ्यातल्या बैलांना नावं होती, म्हशीला होतं, कुत्र्याला तर दोन होती. एक आईनं ठेवलेलं आणि एक आबा, म्हणजे माझे वडील, रागावले की वापरायचे ते. होडी मात्र नुसती होडी. तिला पहिलं आणि शेवटचं नाव ठेवलं माझ्या मामानं, तेही भरल्या पंगतीत, आणि त्या एका नावापायी माझ्या आईला कितीतरी वर्षं माहेर दिसलं नाही.

भाटघर धरणाच्या पाण्याला लागून आमची वाडी, आणि वाडीतलं शेवटचं घर आमचं. पावसाळा सरून धरण भरलं की पाणी परसातल्या शेवग्यापर्यंत यायचं. उन्हाळ्यात ते इतकं खाली सरकायचं की हंडे घेऊन गेलेल्या बायका बोटाएवढ्या दिसायच्या. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात आबा हरभरा टाकायचे, पाणी चढलं की होडी काढायचे. त्यामुळे आम्ही शेतकरी की नावाडी हे आम्हालाच नीट सांगता यायचं नाही. अंथरुणात पडल्यावर भिंतीपलीकडं पाण्याचं चुबुक चुबुक चाललेलं असायचं. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं. नाचणीची भाकरी, धरणातल्या बारक्या माशांचं कालवण आणि लालसर हातसडीचा भात. आता मी नसरापुरात हमरस्त्याजवळ राहते, खाली मुलाचं दुकान, वर मी आणि माझं शिवणयंत्र. दिवसभर एसटी आणि टेम्पोचे हॉर्न. मासे आणते, कालवण करते, चांगलंही होतं. पण ते कालवण जेवताना बाहेर पाणी लागतं, ते कुठून आणू?

होडी आबांनी स्वतः बांधलेली. आंब्याच्या फळ्या, सपाट बूड, फटींत चिंध्या कोंबून वरून डांबर. तिच्यात काय असावं याबद्दल आबा फार कडक होते. मध्ये एका भोकात उभा केलेला बांबू, त्याला शीड, एक वल्हं, सुंभाचा दोर आणि पाणी उपसायला वनस्पती तुपाचा रिकामा डबा. बस्स. "जी वस्तू मोडल्यावर हितल्या हितं नीट करता येत न्हाई, ती होडीत ठिवायची न्हाई," असं ते म्हणायचे. शीड म्हणजे आईची दोन जुनी लुगडी एकाला एक जोडलेली. गावात बायका वाकळ शिवतात तसंच आमच्याकडं शीड शिवलं जायचं, पाय पसरून, गप्पा मारत. मी शिवणकाम शिकले ते शिडावर, हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

उलट्या वाऱ्याला तोंड देण्याची काही सोय त्या होडीत नव्हती. दिवाळीच्या सुमारास सकाळी उगवतीकडून वारा सुटायचा, तो होडीला डोंगराकडं वर न्यायचा. दुपारनंतर मावळतीचा, तो खाली धरणाच्या भिंतीकडं आणायचा. ज्या दिशेला जायचं त्या दिशेचा वारा नसला की आबा होडी बांधून ठेवायचे आणि कुदळ उचलायचे. "वारा न्हाई तर घरी कामं न्हाईत व्हय?" माझा थोरला भाऊ, दादा, याला नेमकी हीच गोष्ट खपायची नाही. त्याला थांबणं माहीत नव्हतं. भात शिजेपर्यंतही तो तीनदा झाकण उघडून बघायचा आणि आईच्या पळीचा प्रसाद खायचा.

आईचं माहेर पाण्याच्या वरच्या टोकाला, तिथून खिंड चढून पलीकडं उतरलं की वेल्ह्याच्या बाजूला, मार्गासनीच्या अलीकडच्या एका वस्तीत. होडीनं वरच्या टोकापर्यंत, मग राजगडाला डोक्यावर ठेवून पायी. मामा आईपेक्षा धाकटा, तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. त्याच्या लग्नाला आम्ही सगळे होडीनंच गेलो. त्या दिवशी पाणी जरा उसळत होतं, सगळ्यांचे पाय आणि आईचा शालू भिजला. पंगतीत नवरदेव जोरात होता. आबांच्या पानात बुंदी वाढता वाढता तो मोठ्यानं म्हणाला, "आमचं दाजी होडीतनं न्हाई आलं, परातीतनं आलं!" पंगत हसली. मीही हसले असेन, लहान होते. आबांनी पानावर पाणी फिरवलं आणि उठले. भरल्या ताटावरून पाहुणा उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसांना सांगायला नको. आई हात जोडत मागं धावली, मामाचा चेहरा उतरला, पण माफी मागायला तो आला नाही आणि आबा थांबले नाहीत.

त्यानंतर आबा "जाऊ नको" असं कधी म्हणाले नाहीत. ते "जा" म्हणाले नाहीत, इतकंच. आणि होडी त्यांची. दर भाऊबीजेला आई ताट तयार करायची, अंगणात यायची आणि ज्या बाईला भाऊ नसतो तिच्यासारखी चंद्राला ओवाळायची. बीजेचा चंद्र किती थोडा वेळ असतो! दिसतो न दिसतो तोवर डोंगरामागं. आई ओवाळायची त्या दिशेलाच खिंड होती. भाऊ असून चंद्राला ओवाळणाऱ्या माझ्या आईची पाठ मला अजून दिसते. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला कधी झालं नाही.

अशात एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर भोरचे बाबूभाई बांगडीवाले आले. बाबूभाई डोईवर बांगड्यांची पेटी घेऊन भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांतल्या वाड्या फिरायचे आणि बांगड्यांबरोबर निरोपही पोचवायचे, तेही न वाकवता. आईच्या हातात बांगडी चढवता चढवता ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या भावानं, रामभाऊंनी सांगितलंय. आक्काला म्हणावं, भाऊबिजेला ये. कायबी आणू नको, नुसती ये. ह्या साली न्हाई आलीस तर म्या समजंन आक्कानं नातं सोडलं." आईनं हात एकदम ओढला आणि बांगडी फुटली. बाबूभाईंनी दुसरी चढवली आणि म्हणाले, "ही माझ्याकडनं." आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. दोराकडंच बघत म्हणाले, "होडी मोकळीच हाय बिजंला."

घरात त्या दिवसापासून जी धांदल उडाली ती काय सांगू! "कायबी आणू नको" हा निरोप आईनं ऐकला होता, पण तो पाळायचा असतो असं तिच्या मनातही आलं नसेल. करंज्या, चकल्या, अनारसे, शेव. एक भला मोठा पत्र्याचा डबा ठासून भरला. शिवाय वाकळ होती. ती वाकळ आई आणि मी सगळा पावसाळा शिवत होतो, कुणासाठी ते आईनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता कळलं. वरचा पदर आईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा, आत जुनेरांचे थर, आणि टाके इतके बारीक की बोटांना घट्टे पडले होते.

आणि त्याच दिवाळीत दादा मुंबईहून आला. वर्षभर तो गोदीत एका चुलत्याच्या हाताखाली होता, बोटींची दुरुस्ती करायला. येताना एक पोतं घेऊन आला, ते दोघांना उचलायला लागलं. पोत्यातून निघालं काय? लोखंडी कप्पी, तारेचा दोर, जाड ताडपत्रीचं शीड, तुकडे जोडून उभी करायची लोखंडी नळाची डोलकाठी, पत्र्याचं सुकाणू, नांगर, पाणी उपसायचा हातपंप. उलट्या वाऱ्यात होडी आडवी वाहू नये म्हणून तिच्या दोन्ही अंगांना लावायला त्यानं फळ्यासुद्धा कापून आणल्या होत्या. "आता वाऱ्याची वाट बघायची न्हाई," तो आईला म्हणाला. "कुठूनबी येऊं दे. म्या तुला सांजच्या आत मामाच्या दारात उभी करतो." आबांच्या तोंडावरची रेषा हलली नाही. फक्त निघायच्या दिवशी त्यांनी जुना बांबू, वल्हं आणि सुंभाचा दोर आणून होडीत ठेवला. दादानं लगेच बांबू बाहेर काढला. "आबा, जागा कुठं हाय?" बाप-लेक एकमेकांकडं बघत उभे राहिले. आता भडका उडणार, इतक्यात आई म्हणाली, "असू दे रं बांबू. रामाकडं धुणं वाळत घालायला लागंल." तिच्या आवाजात इतका साधेपणा होता की दोघांनाही वाद घालता आला नाही. बांबू होडीच्या कडेला बांधला गेला. माझी आई भोळी होती असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

निघायचं होतं उजाडताना. पण कप्पी बसेना, मग तार पुरेना, मग सुकाणूचा बोल्ट बसेना. उगवतीचा छान वारा शेवग्याची पानं हलवत आमच्यावरून गेला, आणि आई ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन ओट्यावर बसून तो जाताना बघत राहिली. डोक्यावर ऊन आलं तेव्हा दादा म्हणाला, "चला." आई आणि मी होडीत चढलो, आबा काठावरच राहिले. तोवर वारा उलटला होता. मावळतीचा, म्हणजे थेट आमच्या तोंडावर.

आणि गंमत म्हणजे होडी चालली. खरंच चालली! दादानं शीड तिरपं धरलं, सुकाणू दाबलं, आणि होडी आडवी-तिडवी, या काठाकडून त्या काठाकडं, पण वर चढायला लागली. समोरून येणाऱ्या वाऱ्यात आमची आंब्याच्या फळ्यांची होडी पुढं सरकते आहे हे मी पहिल्यांदा बघत होते. दादाचे केस मागं उडत होते, दात चमकत होते. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "शके, बघितलंस?" मी बघितलं होतं. इतकी वर्षं झाली, कितीतरी लग्नं-बारशी झाली, त्यानं किती देश बघितले, पण माझ्या भावाचा चेहरा म्हणून मला जो आठवतो तो हाच. तो चेहरा पुन्हा एकदा बघायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

अर्ध्या वाटेवर पाणी वळतं आणि दोन्ही डोंगर जवळ येतात. तिथं खाली जुनं गाव बुडालेलं आहे. राजगडामागं ढग काळे झालेले आम्हाला दिसले होते, पण दादा रंगात होता. परतीच्या पावसाचा ढग. पाऊस चार थेंबच आला, पण त्याच्याआधी जो वारा आला तो दरीतून गाडी सुटावी तसा आला. ताडपत्री फडाडली, होडी एका अंगावर झुकली. "शीड खाली घे!" आई ओरडली. दादानं तार सोडली. शीड हललं नाही. तार चाकावरून घसरून कप्पीच्या बेचक्यात जाऊन रुतली होती. सुंभ असता तर विळ्याच्या एका घावात तुटला असता; तारेला विळा काय करणार? आबांच्या बांबूला तर एका झटक्यात सुटणारी गाठ असायची, मी आठव्या वर्षी ती मारायला शिकले होते. दादा तारेला लोंबकळत होता, त्याच्या तळहातांतून रक्त येत होतं, आणि त्याच वेळी सुकाणू खाली बुडालेल्या घराच्या भिंतीत अडकलं. होडी जागच्या जागी खिळली, वारा तिला ढकलतो आहे आणि खालून कुणी तरी धरून ठेवलंय. पाणी काठावरून आत यायला लागलं.

मी हातपंप घेतला. चार वेळा दांडा मारला आणि तो होडीतला पालापाचोळा गिळून बंद पडला. तेव्हा आईनं फराळाचा डबा उघडला. एक क्षण तिनं आत बघितलं, आणि डबा पाण्यावर उलटा केला. करंज्या, चकल्या, अनारसे, रात्र रात्र जागून केलेलं सगळं भाटघरच्या पाण्यावर तरंगायला लागलं. रिकामा डबा तिनं माझ्या हातात दिला. "उपस." मी उपसत राहिले. दादानं लाथा घालून सुकाणू मोडलं, तेव्हा होडी सुटली. मग दोघांनी मिळून डोलकाठी बुडाशी उचकटली, ती शिडासकट, तारेसकट आडवी झाली आणि पाण्यात गेली. नांगर आणि दोन्ही अंगांच्या फळ्या आईनंच टाकल्या. पंप मी टाकला, जरा रागानंच. शेवटी पाण्याच्या वर डोकं काढून असलेल्या एका वाळक्या झाडाला दादानं सुंभानं होडी बांधली आणि तो तोंड फिरवून बसला. त्याचे खांदे हलत होते. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ऊन कलत होतं. आता वल्हं मारत गेलो तरी वाऱ्यापुढं काय टिकणार? सगळ्यात जास्त घाई जिला होती, जिचं नातं त्या दिवसाच्या मावळतीवर लटकलं होतं, ती आई म्हणाली, "थांबायचं." मला ते ऐकून रडूच फुटलं. मी म्हटलं, "आई, मामा म्हणंल तू आलीच न्हाईस." ती म्हणाली, "ढग गेला की वारा उलटतोय. तुझं आबा म्हनत्यात ते. त्यवढ्यात तू हे उसव." आणि तिनं वाकळ माझ्या मांडीवर टाकली. अख्खी वाकळ भिजून इतकी जड झाली होती की त्या बांबूला पेलली नसती. वरचं लुगडं तेवढं सोडवायचं होतं. सगळ्या पावसाळ्याचे टाके मी आईच्या केसांतल्या आकड्यानं आणि दातांनी उसवत बसले. ती शेजारी बसून सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. वाया जाऊ नये म्हणून! इतक्या वर्षांत मी किती कपडे उसवले असतील, पण उसवताना जीव असा तुटला तो तेव्हाच.

वारा उलटला. आधी पाणी गुळगुळीत झालं, मग धरणाच्या बाजूनं एक बारीक सुरकुती आली आणि आमच्या मानेला गार लागलं. दादा उठला, आबांचा बांबू सोडून भोकात उभा केला. गाठ मी मारली, आबांची गाठ. आईच्या लग्नातलं हिरवं लुगडं उघडलं आणि पोट काढून फुगलं. दादानं वल्हं पाण्यात धरून होडीचं तोंड वळवलं. होडीत आता आम्ही तिघं, एक बांबू, एक लुगडं, एक वल्हं, एक डबा आणि उसवलेल्या वाकळीचा ओला गठ्ठा, आणि ती अशी चालली की पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. आईनं ओच्याला चाचपून बघितलं. कुंकवाचा करंडा आणि सुपारी तिनं तिथं बांधून ठेवली होती. ताट मघाच्या गडबडीत निरांजनासकट गेलं होतं.

वरच्या टोकाला पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि डोंगराच्या कडेवर बीजेची कोर टेकली होती. खिंड चढून जायला उजेड उरला नव्हता. आईनं कोरीकडं बघितलं, आणि मला वाटलं ती आता याही वर्षी तिलाच ओवाळणार. तेवढ्यात काठावर कंदील हलला. गुडघाभर गवतात मामा उभा होता. एका हातात कंदील आणि डोक्यावर लाकडी पाट.

"लई उशीर केलास, आक्का," तो म्हणाला.

"रामा, तू हितं कसा?"

"तू खिंड चढूस्तवर कोर बुडली असती. म्हनलं, पाटच घिऊन जावा."

आई पाण्यातच उतरली. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. मग आईनं रिकामे हात पुढं केले. "म्या समदं आणलं व्हतं रं. समदं पाण्यात गेलं." मामा म्हणाला, "म्या काय सांगितलं व्हतं? नुसती ये म्हनलं व्हतं ना?" त्यानं चिखलात पाट मांडला आणि टोपी सारखी करून त्यावर बसला. ताट नाही, निरांजन नाही. आईनं त्याला कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, आणि मग इकडंतिकडं बघून कंदीलच उचलला. धूर ओकणारा, काच काळी झालेला कंदील ती भावाच्या तोंडाभोवती फिरवायला लागली. मामा डोळे मिटून मागं सरकत म्हणाला, "आक्का, मिशा जळतील!" आणि आई हसली. हसता हसता रडली, पण कंदील फिरवायचं थांबवलं नाही. ओवाळणीत घालायला मामाच्या हातात काही नव्हतं. तो पाटावरून उठला आणि म्हणाला, "उद्या म्या तुझ्यासंगं येतो. दाजींकडं. हीच ओवाळणी समज."

त्या रात्री घरी मामीनं पिठलं-भाकरी वाढता वाढता आईला सांगितलं, "वन्सं, दर बिजंला ह्ये पाट घिऊन पाण्यावर जात्यात. कोर बुडली की माघारी. समदी वस्ती हसतीया." मामा ताटात बघून भाकरी कुस्करत राहिला. आईचा घास हातातच राहिला. अंगणात ती चंद्राला ओवाळत असायची तेव्हा पाण्याच्या या टोकाला हा पाटावर बसलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी मावळतीच्या वाऱ्यानं आम्ही परत आलो. मामा आमच्या होडीत दोन्ही हातांनी काठ धरून, देवाचं नाव घेत बसला होता. काठावर आबा उभे. त्यांनी होडी न्याहाळली: हिरवं लुगडं, बांबू, आणि बाकी काही नाही. मामा खाली उतरला, खालमानेनं म्हणाला, "दाजी, परातीतनं आलो." आबा त्याच्या भिजलेल्या पायांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग आता जेवल्याबिगर उठायचं न्हाई." आईनं चुलीत लाकूड सारलं ते डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलता येईल इतकं.

दादाला आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी दोघं होडी उलटी करून पुसत होते आणि मी डांबर तापवत होते. आबा म्हणाले, "दिगू, सुकाणू चांगलं व्हतं. चालवलंसबी चांगलं. हितलं पाणी उथळ हाय त्येला." दादानं मान हलवली. पुसता पुसता म्हणाला, "मग खोल पाण्यावर जातो म्या." तुळशीचं लग्न झालं आणि तो गेला. आधी गोदीत, मग जहाजावर, मग कुठं कुठं. विशाखापट्टणमला त्यानं घर केलं, तिकडचीच बायको केली. माझी भाचरं-नातवंडं माझ्याशी मोबाईलवर तेलुगूत बोलतात आणि मी मराठीत, आणि आमचं छान चालतं. आई गेली तेव्हा तो समुद्रात होता. आबा गेले तेव्हाही. वाकळ मामीनं पुन्हा शिवली होती, ती फिरत फिरत माझ्याकडं आली. तिच्यात आईचे टाके आणि मामीचे टाके वेगळे ओळखू येतात. होडी कुठं कुजली मला माहीत नाही.

मध्यंतरी नातीनं मला धरणावर नेलं. आता तिथं तंबू लागतात, पिवळ्या-केशरी प्लॅस्टिकच्या होड्या असतात, गाणी मोठ्यानं. एका पोराच्या पाठीवर इतकं सामान होतं की तो होडीत बसायच्या आधीच दमला होता. मी हसले. नात म्हणाली, "आजी, तू त्याला का हसतेस?" मला तिला सांगता आलं नाही की मी त्याला हसत नव्हते. तो वाकून पट्टे आवळत होता आणि पाठमोरा अगदी दादासारखा दिसत होता. मला तिथंच बसून राहावंसं वाटलं.

दादा दर भाऊबीजेला फोन करतो. मी फोन कानाला लावून गच्चीवर जाते, एका हातानं ताट फिरवते, आणि खालच्या हॉर्नच्या गोंगाटात कोरीला ओवाळते. आईसारखीच. भाऊ असून. कधी तरी येतो म्हणायचा, आणि मग गुडघे, मग डॉक्टर, मग मुलाची बदली. सांगणार तरी काय? आम्ही दोघंही म्हातारे झालो. पण या वेळी दिवाळीच्या आधीच फोन आला. म्हणाला, मुलगा पुण्यापर्यंत आणून सोडतो म्हणतोय. आणि मग लगेच सुरू झाला, जुन्या सवयीनं: तुला साडी कुठली आणू, तिकडं मिळत नाही ते लोणचं आणू का, नातीला काय, मिक्सर आहे ना चांगला, नसला तर इथं चांगले मिळतात. मी ऐकत होते. माझ्या डोळ्यांपुढं पोतं होतं, दोघांना उचलायला लागलेलं.

मी म्हटलं, "दादा, कायबी आणू नको. नुसता ये."

पलीकडची यादी तिथंच थांबली. मग त्याचा आवाज आला, म्हातारा, जरा फाटलेला. "शके," तो म्हणाला, "पाट हाय का गं तुझ्याकडं?"

घरात पाट नव्हता. आता कोण पाटावर बसतं? मी नातीला घेऊन भोरला गेले आणि सुताराकडून एक करून आणला. जड नाही केला. दादाला मी थेट धरणावरच यायला सांगितलंय. भाऊबीजेला तो डोक्यावर घेऊन धरणाच्या पाण्यापर्यंत मलाच जायचं आहे.